पट्टे मारले, पण पिकअप मागे येत होती : एका पार्किंगचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी घडलेलं हे प्रकरण आहे. गाव, मालक, दुकानं यांची ओळख मुद्दाम ठेवलेली नाही. मी लहानसहान बांधकामांची देखरेख करणारा माणूस. पार्किंगमधल्या झेब्रा क्रॉसिंगच्या या कामात दुसऱ्या टप्प्यावर मला बोलावलं गेलं. पहिल्या टप्प्यातलं जे सांगतो ते मालक, वॉचमन आणि पेंटर यांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

पार्श्वभूमी

राज्यमार्गाला लागून काटकोनी आकाराचं दुमजली संकुल आहे. लांब बाजूला मोठं किराणा बाजार आणि दोन कृषी केंद्रं. आखूड बाजूला वर बँकेची शाखा, आणि तिचा जिना बरोबर कोपऱ्यात. पुढच्या मोकळ्या जागेत पार्किंग. त्याचा अर्धा भाग ट्रिमिक्स काँक्रीटचा (व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून घट्ट केलेलं काँक्रीट), अर्धा पेव्हर ब्लॉकचा. मधून गाड्या जायला साडेसहा मीटरचा रस्ता. फाटकाजवळ एक जुना कडुनिंब आहे. त्याच्या सावलीत काळीपिवळी आणि ऑटो लागतात.

गुरुवारी आठवडी बाजार. त्या दिवशी आसपासच्या गावांतली माणसं इथूनच येतात-जातात. मृग लागला की बियाणं आणि खताची झुंबड, ऑक्टोबरात सोयाबीनच्या ट्रॉल्या, मग दिवाळी, मग कापसाचा चुकारा. बायकांच्या खात्यात योजनेचे पैसे जमा झाले की बँकेच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नसते. थोडक्यात, शहरातल्या मॉलसारखी रोजची सारखी गर्दी इथे नाही. महिन्यातले काही दिवस जत्रा, बाकीचे दिवस कुत्री झोपलेली. पार्किंगची आखणी करणाऱ्याने ती झोपलेल्या दिवशी येऊन केली असावी, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

घटना आणि पहिला उपाय

जूनचा दुसरा आठवडा. पहिला पाऊस पडून गेलेला. कृषी केंद्रासमोर खताची पोती भरून एक पिकअप मागे येत होती. साठीच्या एक बाई बँकेतून उतरून निंबाकडे निघाल्या होत्या. गाडीचा मागचा कोपरा लागून त्या पडल्या आणि मनगट मोडलं. जीव वाचला, पण शस्त्रक्रियेसाठी यवतमाळला न्यावं लागलं. गावात दोन दिवस हीच चर्चा होती.

शेटजींनी, म्हणजे संकुलाच्या मालकांनी, तिसऱ्याच दिवशी पेंटरला बोलावलं. त्यांच्या पुतण्याने कागदावर आखून दिलं : किराणा बाजाराच्या मुख्य दारापासून समोर सरळ एक झेब्रा काँक्रीटवर, आणि दुसरा मागच्या पेव्हर भागात, दुचाकीच्या जागेकडे. दोन्ही तीन-तीन मीटर रुंद. चार लिटर पांढरा ऑइल पेंट, वर थिनर. दोन तासांत काम संपलं.

इथे जरा हिशोब करतो, कारण पुढचं सगळं इथेच ठरलं. साडेसहा मीटरच्या रस्त्यात अर्ध्या मीटरचा पट्टा आणि अर्ध्या मीटरची मोकळी जागा धरली की सात पट्टे बसतात. पट्टा तीन मीटर लांब, म्हणजे एका झेब्र्याला साडेदहा चौरस मीटर रंग, दोन्हींना एकवीस. एक लिटर रंग एक चौरस मीटरवर पसरला तर त्याचा थर बरोबर एक मिलिमीटर होतो. चार लिटर एकवीस चौरस मीटरवर म्हणजे ओला थर 0.19 मिलिमीटर. तोही थिनर उडून जायच्या आधीचा. रस्त्यावरच्या रंगाचा ओला थर साधारण 0.4 मिलिमीटर तरी हवा. शिवाय खालचं काँक्रीट एप्रिलमध्ये ओतलेलं, मशीन फिरवून आरशासारखं गुळगुळीत केलेलं, आणि पावसाने आत ओल धरलेलं.

जुलैत पापुद्रे सुटले. पण खरा त्रास निराळाच झाला. पोळ्याच्या आठवड्यात एक कास्तकार डोक्यावर ढेपेचं पोतं घेऊन त्या पट्ट्यावरून चालले होते. रिमझिम चालू होती. ऑइल पेंटचा गुळगुळीत थर ओला झाला की साबणासारखा होतो. ते घसरून गुडघ्यावर आपटले. माणसं वाचवायला मारलेल्या पट्ट्यावरच माणूस पडला, हे शेटजींना लागलं. मग मला फोन आला.

नेमकी अडचण काय होती

मी गेलो तो दिवस गुरुवार होता आणि सकाळी पाऊस होऊन गेला होता. हा योगायोग नसता तर मीही कदाचित त्याच झेब्र्यावर चांगला रंग मारून घरी आलो असतो.

बँकेच्या गॅलरीतून खाली पाहिलं. फिकट काँक्रीटवर काळ्या मातीचे पाय उमटले होते. शेकडो. वावरातून, पांदणीतून आलेल्या चपला-बुटांना चिकटलेली माती सगळ्यांनी इथे आणून सोडली होती, आणि त्या ठशांची एक स्पष्ट वाट तयार झाली होती : जिन्याच्या कोपऱ्यातून तिरपी, थेट निंबाकडे. झेब्र्यावर ठसे जवळपास नव्हतेच. तो त्या वाटेपासून चांगला वीस-बावीस पावलं दूर होता. त्याच्यावर तीन मोटरसायकली मात्र उभ्या होत्या. मोकळी, रंगवलेली, स्वच्छ जागा म्हटल्यावर लोकांना ती गाडी लावायचीच जागा वाटली होती.

वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, "मानसं त कोठूनबी चालते साहेब. पट्ट्यावरूनच चालाचं असं कोनी सांगतलं?"

निंबाखाली बसलेल्या दोघी-तिघींशी बोललो. त्यातल्या एक आजी म्हणाल्या, "गाडी निंबाखाली लागते बाप्पा, मंग आमी तिकडून फेरा कायले मारू?" याला उत्तर नव्हतं.

त्या दिवशी फोटो काढले, दुपारी पुन्हा आलो, गाड्या कुठून वळतात ते पाहिलं. वहीत तीन गोष्टी लिहिल्या. झेब्रा चुकीच्या जागी आहे. रंग चुकीचा आहे. तिसरी ओळ लिहून खोडली आणि पुन्हा लिहिली : जूनची गाडी मागे येत होती.

पर्याय

शेटजींना खर्च कळायला हवा होता आणि दिवाळीआधी काम हवं होतं. आम्ही दोघांनी चहा घेत बराच वेळ घालवला.

थर्मोप्लास्टिक ही त्यांची पहिली पसंती, कारण महामार्गावर ते पाहिलेलं. हा रंग म्हणजे राळ, रंगद्रव्य आणि काचेचे मणी यांचं मिश्रण. दोनशे अंशांच्या आसपास वितळवून ते दोन-अडीच मिलिमीटर जाड बसवतात. डांबरावर ते उत्तम धरतं, कारण गरम थर डांबराशी जुळून येतो. काँक्रीटवर आधी प्रायमर लागतो, आणि गाडी जागच्या जागी स्टिअरिंग फिरवते तिथे ते सोलून निघण्याची भीती असते. पार्किंगमध्ये तर सगळं वळणं जागच्या जागीच. त्यात बॉयलर घेऊन नागपूरहून येणाऱ्याला एवढंसं काम परवडत नाही. हा पर्याय मी सोडायला लावला.

स्पीड ब्रेकर कर, असं दोन्ही कृषी केंद्रवाल्यांचं म्हणणं. माझा विरोध होता. दोन चाकांची भरलेली ट्रॉली ब्रेकरवर उडते, पोती खाली येतात, आणि काँक्रीटचा उतार अडला की पावसाचं पाणी दुकानात. उंच केलेला चौथरा-क्रॉसिंग हा त्याचा चांगला भाऊ, पण पाण्याची अडचण तीच.

एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा कडक रंग, सुचवणारेही भेटले. गोदामाच्या आत ठीक. उघड्यावर ऊन खाऊन ते पिवळं पडतं आणि त्यावर खडूसारखी भुकटी येते. विदर्भातल्या उन्हात तर बोलायलाच नको.

चौथा पर्याय रंगाचा नव्हताच : खताची भराई पुढून हलवून इमारतीच्या मागच्या बाजूला नेणं. मागे गोदामाला दार आहे, रस्ता आहे, फक्त खड्डे आहेत. कृषी केंद्रवाल्यांना हे नको होतं. गिऱ्हाइकाला माल समोर दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. शेटजींनी तेव्हा हा विषय बाजूला ठेवला आणि मीही फार रेटला नाही. माझी पहिली मोठी चूक ती.

प्रत्यक्ष काम

जागा ठरवताना पेच होता. नियम असा की पायी माणसाने गाडीचा रस्ता काटकोनात, कमीत कमी वेळात ओलांडावा. ठसे मात्र तिरपे. साडेसहा मीटर ओलांडताना माणसं साधारण चार मीटर बाजूला सरकत होती. तिरपा झेब्रा आखला तर गाडीवाल्याला पट्टे गोंधळाचे दिसतात. म्हणून झेब्रा काटकोनातच ठेवला, पण तीन मीटरऐवजी चार मीटर रुंद केला. आता माणूस एका कोपऱ्यातून शिरून समोरच्या कोपऱ्यातून बाहेर पडला तरी पट्ट्यांच्या आतच राहतो. त्याच्या चालीत आम्ही काही बदल केला नाही, एवढंच.

पट्ट्याचं माप अर्धा मीटर पांढरा, अर्धा मीटर मोकळा, म्हणजे आयआरसी 35 या रस्त्यावरच्या खुणांच्या संहितेत असतं तसंच. खासगी पार्किंगमध्ये येऊन कोणी मोजत नाही. पण गाडीवाल्याला बाहेरच्या रस्त्यावर जी खूण ओळखीची आहे, तीच इथे दिसली पाहिजे. किराणा बाजारवाल्याने मध्ये हिरवे पट्टे आणि दुकानाचं नाव टाकायचं सुचवलं होतं, त्याला मी याच कारणाने नाही म्हटलं. आणखी एक गैरसमज तिथे ऐकला : आपली जागा, आपले नियम. मोटार वाहन कायद्यातली सार्वजनिक जागेची व्याख्या, कलम 2(34), मालकी कोणाची हे पाहत नाही. लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे का, हे पाहते. अपघात झाला की 'खासगी जागा' ही ढाल फार टिकत नाही.

काम दसऱ्यानंतर, पाऊस उघडल्यावर धरलं. आधी ओल तपासली. दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा कागद स्लॅबवर चारही बाजूंनी टेप लावून चिकटवला आणि सोळा तास ठेवला. पहिल्यांदा खाली थेंब जमले. चार दिवस थांबलो. पेंटर वैतागला, पण जुलैतले पापुद्रे त्यानेच मारलेले असल्याने गप्प राहिला. दुसरी चाचणी त्याहून सोपी : स्लॅबवर पाणी टाकायचं. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर वर तेल किंवा क्युरिंगसाठी मारलेल्या रसायनाचा थर आहे, रंग धरणार नाही. पाणी जिरलं तर ठीक. आमचं पाणी बराच वेळ उभंच राहिलं.

मिस्त्री ॲसिडने धुऊ म्हणत होता. ॲसिडचं पाणी निंबाच्या बुंध्याकडे उतरतं, आणि नीट धुतलं गेलं नाही तर उरलेला अंश रंग उचलतो. म्हणून ग्राइंडरला हिऱ्याचे कण बसवलेली वाटी लावून झेब्र्याची नवी जागा घासून घेतली, आणि जुन्या झेब्र्याचा रंगही. रंगापेक्षा घासाईची मजुरी जास्त झाली. शेटजींना हे बिल शेवटपर्यंत पटलं नाही. माझ्या मते या कामात टिकलेलं जे काही आहे ते त्या बिलामुळे.

मग लाइनदोरी, 3-4-5 मापांच्या त्रिकोणाने काढलेला काटकोन, मास्किंग टेप. रंग ॲक्रेलिक रोड मार्किंगचा. सात पट्टे, प्रत्येक चार मीटर लांब, म्हणजे चौदा चौरस मीटर. त्याला 0.4 मिलिमीटर थर म्हणजे एका हाताला 5.6 लिटर, दोन हातांना सव्वाअकरा. वीस लिटरचा एक डबा पुरला. दुसरा हात ओला असतानाच चाळलेली बारीक रेती आणि काचेचे मणी भुरभुरले. मणी रात्री हेडलाइटच्या उजेडात चमकायला, रेती पाय घसरू नये म्हणून. दोन्हींतली रेती मला जास्त महत्त्वाची होती. फिकट काँक्रीटवर पांढरं उठून दिसत नाही म्हणून मधल्या जागा काळ्या केल्या, आणि त्या काळ्या रंगावरही रेती टाकली. सकाळी दव वाळल्यावर नऊला सुरुवात, उन्हाने स्लॅब तापायच्या आत शेवट. दुकानांच्या सुट्टीचा दिवस धरला होता, त्यामुळे दुसऱ्या सकाळपर्यंत चाक लागलं नाही.

मागच्या पेव्हर भागात रंग मारलाच नाही. खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि ब्लॉक वर-खाली होतात. रंग सांध्यांवर आधी फुटतो. तिथे ब्लॉकच बदलले : पांढऱ्या सिमेंटच्या थराचे आणि काळे, आळीपाळीने, 80 मिलिमीटर जाडीचे. दुकानदाराने आधी रबर मोल्डचे चकचकीत ब्लॉक दाखवले होते. ते ओले झाले की पोळ्याच्या प्रसंगाची पुन्हा तयारी. खरखरीत पृष्ठभागाचे मागवले.

दोन्ही क्रॉसिंगच्या टोकांना लोखंडी पाइप गाडले, दोन पाइपांत 1.2 मीटर अंतर. चाकाची खुर्ची जाते, मोटरसायकल उभी करायला अवघड जातं. क्रॉसिंगच्या दोन्ही अंगांची एक-एक गाडीची जागा रद्द केली, नाहीतर उभ्या जीपच्या आडून निघणारा माणूस चालकाला दिसत नाही. या दोन जागांवरून झालेली भांडणं रंगाच्या सगळ्या कामापेक्षा लांब चालली.

वळणबिंदू

काम पुरं झाल्यावर पहिल्या गुरुवारी मी निंबाखाली उभा होतो. माणसं पट्ट्यांवरून जात होती, कारण पट्टे त्यांच्या वाटेवर होते. समोरून येणाऱ्या गाड्या, सगळ्या नाही, पण बऱ्याच, वेग कमी करत होत्या. आणि मग कृषी केंद्रासमोरून एक भरलेली पिकअप मागे निघाली, पट्ट्यांवर आली, आणि दोन बायका बाजूला पळाल्या.

चालकाला थांबवलं. तो अजिबात उद्धट नव्हता. म्हणाला, "पट्टे मांगं हायेत जी. मांगं कोनाले दिसतेत? मी त आरशात पोते पाहून रायलो." भरलेल्या पिकअपच्या मधल्या आरशात पोतीच दिसतात, हे खरंच होतं.

झेब्रा पुढे पाहणाऱ्या चालकाशी बोलतो. मागे येणाऱ्याशी तो मुका असतो. ज्या अपघातामुळे हे सगळं सुरू झालं, त्यावर आम्ही चार महिने चुकीचा इलाज करत होतो. वहीतली ती खोडलेली ओळ मी शेटजींना त्याच दुपारी दाखवली. दुसऱ्या आठवड्यात मागच्या रस्त्याचे खड्डे मुरमाने भरले. कृषी केंद्रवाल्यांना भाड्यात सूट देऊन भराई मागे नेली. समोर आता फक्त नमुन्याची पोती मांडतात. हे आधीच केलं असतं तर झेब्र्याचा खर्च अर्धा झाला असता, किंवा झालाच नसता.

परिणाम

वर्षभरात क्रॉसिंगवर कोणी जखमी झालेलं नाही. हे पट्ट्यांमुळे की भराई हलवल्यामुळे, असं विचाराल तर मी भराईच्या बाजूने मत देईन.

काँक्रीटवरचा रंग सुटलेला नाही. चाकं जातात त्या दोन पट्ट्यांत झिजून करडा झाला आहे. पट्टे आखताना चाकांची वाट मोकळ्या जागेत पडेल असं अर्धा फूट सरकवायला हवं होतं, ते राहून गेलं. काळी माती मात्र रंगाची खरी वैरी निघाली. पावसाळ्यात आठवड्यात एकदा झाडून-धुऊन काढलं नाही तर पांढरे पट्टे आणि काळे पट्टे एकाच रंगाचे होतात. वॉचमन ते गुरुवारी सकाळी करतो, जेव्हा करतो तेव्हा.

पेव्हर भागात दोन ठिकाणी ब्लॉक फुगले. मिस्त्रीने तासाभरात उचलून खालची रेती सारखी करून पुन्हा बसवले. त्या क्रॉसिंगवरून फारसं कोणी जात नाही, हेही लिहून ठेवतो. तिथे ठसे मी पाहिलेच नव्हते. पुतण्याच्या आराखड्यात होतं म्हणून केलं.

पाइपांपैकी एक ट्रॉलीने वाकवला आहे.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी रंगाचा विषय काढणार नाही. अपघात झाला त्या क्षणी गाडी कुठल्या दिशेने जात होती आणि माणूस कुठून कुठे निघाला होता, एवढं दोन ओळींत लिहून घेईन. उतारवयाच्या बायकांना आधी विचारीन, मालकाला नंतर. पार्किंगच्या रद्द केलेल्या जागा आणि भराईची जागा यांचं भाडेकरूंशी लेखी ठरवून घेईन. तोंडी कबुलीची मुदत पहिल्या गर्दीपर्यंतच असते. दिवा आधी बसवीन. संध्याकाळी सहानंतर कोपऱ्यातला जिना अंधारात असतो, आणि काचेचे मणी हेडलाइटशिवाय काही करत नाहीत. बँकेच्या जिन्याखालची पायरीही तशीच आहे. एकास बारा उताराचा रॅम्प तिथे बसतो, मोजून ठेवला आहे, झालेला नाही.

फाटकाबाहेर राज्यमार्ग ओलांडणं हा याहून मोठा धोका आहे. तिथे आपल्या डब्यातला रंग चालत नाही. रस्ता ज्यांच्या ताब्यात, त्यांच्याकडे अर्ज दिला आहे.

यंदा मृगाचा पाऊस झाल्यावर मी पुन्हा त्या गॅलरीत गेलो. निंबाची एक मोठी फांदी उन्हाळ्यातल्या वादळात मोडली, म्हणून काळीपिवळ्या आता फाटकाच्या दुसऱ्या अंगाला, टपरीच्या सावलीत लागतात. ठशांची वाट पट्ट्यांवर शिरते, पण मधूनच उजवीकडे वळून बाहेर पडते. शेटजी म्हणाले, आणखी दोन पट्टे वाढवू काय? मी म्हटलं, आधी तिकडे एक झाड लावा, निदान छप्पर तरी टाका, आणि गाड्या कायम कुठे लागणार ते ठरू द्या.